कलम सत्तेचाळीस, पोटकलम दोन

मसुदा माझ्याकडे सगळ्यात शेवटी येतो.
मंत्रालय, सल्लागार, तीन समित्या,
सगळ्यांचं चावून झालं की
भाषा तपासायला.
टाल्लिनमध्ये चौथ्या मजल्यावर माझं टेबल.
स्वल्पविराम माझे,
आमच्या भाषेच्या चौदाही विभक्त्या माझ्या,
अर्थ दुसऱ्या कुणाचा तरी.

राष्ट्रीय ऊर्जा कायदा, सुधारित.
एकशे बारा पानं.
त्यात पवनऊर्जा आहे, वारा नाही.
जळता दगड नाही,
'घनरूप जीवाश्म इंधन' आहे.

वडील नुसतं दगड म्हणायचे.
आज दगड ओला होता.
आज दगड बोलत होता,
म्हणजे डोक्यावरचं छत कुरकुरत होतं.
अशा दिवशी आई त्यांचे बूट दारातच धुवायची
आणि जेवण होईपर्यंत काही विचारायची नाही.
एकदा दगडात त्यांना एक किडा सापडला,
नखाएवढा, बरगड्याबरगड्यांचा,
समुद्र इथे होता तेव्हाचा.
तो अजून टीव्हीवर आहे, चष्म्याच्या डबीशेजारी.
तेवढंच जीवाश्म आमच्या घरात कधी न जळलेलं.

किविऑलीत मुळात डोंगर नव्हता.
सपाट माळ, भूर्जाची झाडं, दलदल.
डोंगर आमच्या लोकांनी केला,
पाळी पाळीने, राख ओतून ओतून.
आता हिवाळ्यात परगावची मुलं त्यावर स्की करायला येतात.
तिकीट आहे.

मी या कायद्याच्या बाजूची आहे, हे सांगून ठेवते.
आमच्याकडे सकाळी पडलेला बर्फ
दुपारी खसखस पेरल्यासारखा दिसायचा.
शेजारच्या झिनाइदा पावलोव्हना
दोरीवरच्या चादरी रात्री आत घ्यायच्या,
पहाटे खोकायच्या,
आणि म्हणायच्या, चादरी तरी वाचल्या.

तर, कलम सत्तेचाळीस, पोटकलम दोन:
'खाणी बंद होणाऱ्या जिल्ह्यांतील कामगारांस
शासन पर्यायी रोजगारासाठी साहाय्य देऊ शकेल.'

देऊ शकेल.

माझी पेन्सिल तिथेच राहिली.
व्याकरणाची चूक नाही.
पण कलम बारा, पवनचक्कीचा परवाना:
नव्वद दिवसांच्या आत 'देईल'.
कलम एकोणीस, समुद्रातली वाहिनी:
'जोडेल'.
दंड 'आकारील', नोंद 'ठेवील', अहवाल 'सादर करील'.
सगळा कायदा भविष्यकाळात ताठ उभा,
आणि हे एकच वाक्य
हेल्मेट काखेत धरून
दाराशी, पायपुसण्यावर.

समासात लिहिलं:
'देऊ शकेल' की 'देईल'? इतर कलमांशी विसंगत.
दोन दिवसांनी कायदा विभागातून कागद परत.
राग्नार केस्कुला यांचं अक्षर सुंदर आहे.
'हा भाषेचा प्रश्न नाही, पैशाचा आहे.'
स्वल्पविराम बरोबर जागी.

रविवारी वडिलांचा फोन.
आमचं काय लिहिलंय त्यात?
सांगता येत नाही, बाबा, मसुदा गोपनीय आहे.
म्हणजे काही नाही लिहिलेलं.
लिहिलंय.
किती?
मी मोजलं. अठरा शब्दसुद्धा भरेनात.
एक क्रियापद आहे, म्हटलं, त्यावरून वाद चालू आहे.
ते हसले, मग खोकले,
मग हसणं कुठलं आणि खोकणं कुठलं ते मला कळेना.
चाळीस वर्षं खाली होतो, म्हणाले,
तिथं 'येऊ शकेल' असं कुणी म्हणालं नाही.
सहाला पाळणा खाली जायचा.

मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.
लागू कधी होणार?
एक जानेवारीपासून.
ऐन थंडीत?
आणि त्यांनी रिसीव्हर
खिडकीखालच्या रेडिएटरला लावला असावा.
कारण मला नळीतून पाणी चढल्याचा आवाज आला,
टक्, टक्, मग सळसळ,
दगडावर तापलेलं, गावभर फिरून आलेलं पाणी.
ऐकतेयस ना, लांबून म्हणाले.